सह्याद्रीची कंदीलपुष्पे : नव्या अभ्यासकासाठी प्रस्तावना

मांसल वनस्पती म्हटल्या की आपल्याला कोरफड आठवते, निवडुंग आठवतो, फार तर नर्सरीतल्या टांगत्या कुंडीतून लोंबणाऱ्या बदामी पानांच्या माळा आठवतात. गगनबावड्याचा पाऊस कुणालाच आठवत नाही. अंगात पाणी साठवणारी झाडे वाळवंटातली आणि आपला घाटमाथा तर चार महिने पाण्यात भिजणारा. दोघांचा संबंध काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही या वर्गातली एक अत्यंत देखणी आणि तितकीच चक्रावून टाकणारी प्रजाती कोल्हापूरपासून एसटीने दीड-दोन तासांवर, दर पावसाळ्यात, गवतात आणि कड्यांवर फुलत असते. तिचे शास्त्रीय नाव सेरोपेजिया. मराठीत तिच्या काही जातींना खर्चुडी म्हणतात, एकीला हनुमान बटाटा म्हणतात, आणि फुलांच्या आकारावरून सगळ्यांनाच कंदीलपुष्प हे नाव आता रूढ झाले आहे. वाचकांनी या झाडांपाशी एकदा थांबावे आणि थांबल्यावर पुढे काय पाहावे याची थोडीफार वाट त्यांना दिसावी, एवढ्यासाठी हे चार शब्द.

मराठी विश्वकोशाच्या रूढीप्रमाणे येथे ‘प्रजाती’ हा शब्द मोठ्या गटासाठी आणि ‘जाती’ हा त्यातल्या एकेका घटकासाठी वापरला आहे. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, म्हणून आधीच सांगून ठेवलेले बरे.

आधी पावसाचे कोडे सोडवू. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या शिरोळला जेमतेम पाचशे-सहाशे. एकाच जिल्ह्यातली ही तफावत आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण घाटमाथ्यावरचा पाऊस टिकत नाही, हे तिथे उन्हाळ्यात गेल्याशिवाय कळत नाही. जांभ्याच्या सड्यावर माती चार बोटे, कुठे तीही नाही. पडलेले पाणी घटकाभरात ओढ्याला लागते. दसरा उलटला की गवत पिवळे पडू लागते आणि फेब्रुवारीत त्याच सड्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. म्हणजे झाडाच्या बाजूने पाहिले तर चार महिन्यांची चंगळ आणि आठ महिन्यांचा दुष्काळ. अशा ठिकाणी तगून राहायचे तर पाणी आणि पिष्ट कुठेतरी लपवून ठेवलेच पाहिजे. सेरोपेजियाच्या आपल्याकडच्या बहुतेक जातींनी ते जमिनीखाली, कंदात लपवले आहे. वर काही दिसत नाही तेव्हाही झाड तिथेच असते.

जगात इतरत्र याच प्रजातीने वेगळे उपाय केलेले दिसतात. अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवरच्या काही जातींना पाने नावालाच. जाड, काठीसारखी खोडेच पाणी धरतात. दक्षिण भारतातल्या सेरोपेजिया जुन्सियाचेही खोड मांसल आणि जवळजवळ पर्णहीन असते. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया वूडीची पानेच गुबगुबीत असतात, आणि नर्सरीतल्या ज्या बदामी माळांचा वर उल्लेख केला, ती हीच. कॅनरी बेटांपासून आफ्रिका, अरबस्तान, भारत, चीन आणि थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या या प्रजातीत, जुन्या मर्यादित अर्थाने, दोनशेच्या आसपास जाती मानल्या जातात. त्यांपैकी साठाच्या घरात भारतात आहेत. या भारतीय जातींतल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि त्यांतला मोठा वाटा पश्चिम घाटाचा आहे. थोडा अभिमान वाटला तर तो अस्थानी नाही.

आता फुलाकडे वळू, कारण या विषयाची गोडी लागते ती फुलापासूनच. एक फूल जवळून पाहा. तोडू नका, वेल हलकेच वाकवून भिंगाखाली धरा. साधारण दोन ते पाच सेंटिमीटर लांबीचे हे फूल तळाशी फुगीर असते. फुगवट्यावर एक अरुंद नळी चढते आणि नळीच्या तोंडावर पाच पाकळ्या उभ्या राहतात. त्या बाहेर उमलून पसरत नाहीत. बहुतेक जातींत त्यांची टोके वर एकमेकांना चिकटलेली असतात, त्यामुळे मधे पाच उभ्या फटी राहतात. कंदिलाचे नाव या पिंजऱ्यामुळे पडले. काही जातींत पाकळ्या नळीहून लांब, काहींत आखूड. कुठे जांभळ्या, कुठे पिवळ्या-हिरव्या, कुठे कडांना केसांची झालर. नळीवर ठिपके असले तर तेही टिपून ठेवावेत.

या फटींतून चिलटाएवढी माशी आत शिरते. तिला कसला तरी वास येतो. बहुतेक वेळा तो आपल्या नाकाला जाणवतही नाही. नळीच्या आतल्या भिंतीवर केस असतात आणि त्यांची टोके खाली वळलेली असतात. उतरताना ते वाट देतात, चढताना अडवतात. माशी घसरत तळाच्या फुगवट्यात पोचते. अनेक जातींत या फुगवट्याची भिंत जागोजाग इतकी पातळ असते की तिथून उजेड झिरपतो. उजेडाकडे धावणे हा माशीचा स्वभाव, म्हणून ती वर जाण्याऐवजी तळाशीच घोटाळत राहते. तळाच्या मध्यभागी केसर आणि कुक्षी मिळून झालेला एक स्तंभ असतो आणि त्याभोवती तोरण. वनस्पतिशास्त्रात या अवयवाला तोरण असेच नाव आहे. तोरणाच्या खोबणीत मधाचा थेंब असतो. माशी तो चाटू लागली की तिची सोंड एका अरुंद चिरेत जाते आणि बाहेर येताना एक सूक्ष्म चिमटा तिला घट्ट बसतो. त्या चिमट्याला दोन पिवळे परागपुंज जोडलेले असतात. इथे पराग सुटे उधळत नाहीत. पुंजके जोडीने आणि कडी लावूनच बाहेर जातात.

एखाद्या दिवसाने नळीतले केस कोमेजतात, अनेक जातींत फूलही कलते आणि माशी सुटते. सोंडेवर ओझे घेऊन ती पुढच्या फुलात पुन्हा फसली आणि ते परागपुंज तिथल्या नेमक्या चिरेत बसले, तर फळ धरते. सड्यावर जवळच दवबिंदू आणि सीतेची आसवे ही खरोखर कीटक खाणारी झाडे फुललेली असतात, म्हणून नवखे लोक कंदीलपुष्पालाही त्याच पंक्तीला बसवतात. तसे नाही. सेरोपेजिया माशीला खात नाही, फक्त थोडा वेळ डांबून ठेवते आणि कामाला लावते. या कामात इतक्या गोष्टी जुळून याव्या लागतात की पुष्कळ फुले फळ न धरताच गळून जातात. एका वेलावर ढीगभर फुले आणि एखादीच शेंगांची जोडी, हे दृश्य नेहमीचे आहे.

वासाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की तिच्या फुलाचा वास हल्ला झालेल्या, जखमी मधमाशीच्या वासाशी जुळतो. कोळ्याने मधमाशी पकडली की तिच्या अंगातून पाझरणारा रस चोरून खायला काही बारीक माश्या धावतात. त्या माश्यांना हे फूल बनावट मेजवानीचे आमंत्रण देते. आपल्या सह्याद्रीतल्या जाती नेमका कोणता वास सोडतात आणि कोणत्या माशीला बोलावतात, याचा इतक्या बारकाईने शोध घेण्यासारखे काम अजून भरपूर शिल्लक आहे. रसायनशास्त्र आणि कीटकशास्त्र दोन्हींची आवड असलेल्या विद्यार्थ्याने हा प्रश्न मनावर घ्यावा असे मला फार वाटते.

कुळाविषयी थोडक्यात. सेरोपेजिया रुईच्या नात्यातली. रुईचे फूल उलगडून पाहिले असेल तर परागपुंजांची जोडी तिथेही दिसते. दोन जोडशेंगा आणि बियांच्या डोक्यावर रेशमी केसांचा झुबका, हेही रुईसारखेच. लहान मुले वाऱ्यावर उडवतात त्या म्हातारीसारखे तिचे बी लांबवर जाते. चीक मात्र रुईसारखा दुधी नसून बहुधा पाण्यासारखा असतो.

या झाडांची लेखी नोंद कुठून सुरू झाली? मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान र्‍हीड याने तयार करवून घेतलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. कोकणीभाषक वैद्य रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट यांनी त्यासाठी मदत केली आणि त्यांचे नागरी लिपीतले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. या ग्रंथातल्या एका वेलाच्या चित्राचा आधार घेऊन लिनियसने 1753 साली सेरोपेजिया कँडेलाब्रम ही जाती नोंदवली. म्हणजे युरोपला ही प्रजाती ठाऊक झाली ती आपल्याच किनाऱ्यावरून. पुढे 1795 मध्ये विल्यम रॉक्सबर्गने कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात सेरोपेजिया बल्बोसाचे वर्णन केले. पावसाच्या छायेतल्या कोरड्या मुलखात सापडणारी ही जाती आहे आणि तिचे कंद लोक खातात हे तेव्हापासून नोंदलेले आहे.

मुंबई इलाख्यात डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 साली निघाला, टी. कुक यांचा इलाख्याचा फ्लोरा 1901 ते 1908 या वर्षांत. नंतर सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅकॅन यांनी भर घातली. जर्मन अभ्यासक हर्बर्ट ह्यूबर यांनी 1957 मध्ये जगभरच्या सेरोपेजियांचा एकत्र आढावा घेतला. भारतापुरते पाहायचे तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे कार्यालयातले एम. वाय. अन्सारी यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेली पुस्तिका आजही प्रत्येकाने टेबलावर ठेवावी अशी आहे. सेरोपेजिया ह्यूबेरी, सेरोपेजिया मॅकॅनी, सेरोपेजिया सह्याद्रिका अशा अनेक नावांमागे अन्सारींची लेखणी दिसेल.

हा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि या प्रस्तावनेत सांगण्यासारखे जे काही मुख्य आहे ते तिथेच आहे. जुन्या नोंदींची ठिकाणे नकाशावर मांडून पाहा. खंडाळा, पाचगणी, महाबळेश्वर. जिथे रेल्वे पोचली होती, जिथे साहेबाचा बंगला होता, जिथे उन्हाळा घालवायला माणसे जात होती, तिथलीच झाडे आधी नावारूपाला आली. मॅकॅन खंडाळ्याला हिंडले, म्हणून तिथली सेरोपेजिया इव्हान्सी 1945 मध्ये ग्रंथात आली. सेरोपेजिया पंचगणिएन्सिसचे नावच सारे सांगते. मग 1970 च्या आगेमागे के. हेमाद्री यांनी जुन्नरचा एकच तालुका वर्षानुवर्षे पायाखाली घातला, आणि त्या एकट्या भागातून सेरोपेजिया रोली आणि सेरोपेजिया महाबळेई या दोन नव्या जाती पुढे आल्या. दुसरीला पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. महाबळे यांचे नाव आहे. जुन्नरचे डोंगर इतर डोंगरांहून श्रीमंत होते असे नाही. तिथे कुणीतरी ठाण मांडून बसले होते, एवढेच.

सेरोपेजियाच्या अनेक जातींचा वावर अतिशय आखूड असतो. एखादी एकाच डोंगरावर, एखादी दोन-तीन किल्ल्यांच्या कड्यांवर. पलीकडच्या डोंगरावर तिची बहीण असते, ती नसते. फुले दिसतात ती वर्षातले काही आठवडे, तीही धो-धो पावसात. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला, तो कितीही मोठा असो, हे गणित सहसा जुळत नाही. जो माणूस तोच डोंगर दर श्रावणात चढतो त्यालाच ते जुळते. म्हणून या प्रजातीचे ज्ञान, माझ्या मते, मुळातच स्थानिक माणसाचे ज्ञान आहे, आणि कोल्हापूरचे महत्त्व मला इथे वाटते.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना 1962 ची. त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गेली काही दशके सेरोपेजियाचा जो पाठपुरावा केला, त्याला महाराष्ट्रात तोड नाही. हे विद्यार्थी बहुतेक आसपासच्या तालुक्यांतले, शेतकरी घरांतले. घाट चढणे ही त्यांच्यासाठी मोहीम नव्हती. जुन्या पुस्तकांत नाव उरले होते पण झाड कुणी पाहिले नव्हते अशा जाती शोधणे, त्यांचे थोडे बी आणून वाढवणे, त्यांना पुन्हा योग्य जागी लावणे, आणि वाटेत नवे सापडले तर ते नोंदवणे, असे हे काम. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याचा फ्लोरा विद्यापीठाने 2002 मध्ये प्रसिद्ध केला. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून सेरोपेजिया अंजनेरिका आणि कोकणातून सेरोपेजिया मोहनरामी, दोन्ही 2006 मध्ये. पुढे 2012 मध्ये सेरोपेजिया कॉन्कनेन्सिस. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाला प्रमुख उद्यानाचा दर्जा दिला आहे, आणि तिथे या दुर्मीळ जाती जोपासल्या जातात.

आणि 2023 साली आपल्या विशाळगडावरूनच एक नवी जाती ‘फायटोटॅक्सा’ या नियतकालिकात जाहीर झाली. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजमधल्या संशोधकांचा त्यात पुढाकार होता आणि यादव यांचाही सहभाग होता. छत्रपती शिवाजी महाराजांवरून तिचे नाव सेरोपेजिया शिवरायियाना. गडावर शतकानुशतके माणसांचा राबता. तरी त्याच गडावरच्या एका वेलाला 2023 पर्यंत शास्त्रीय नाव नव्हते. पन्हाळा, मसाई पठार, आंबा, राधानगरी, चंदगड इथे आणखी काय काय आहे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही या विषयात आलातच म्हणायचे.

मग सुरुवात कशी करावी? दुर्मीळ जातीच्या मागे लगेच धावू नये, असा माझा आग्रह आहे. आधी नर्सरीतून वूडीची एक कुंडी आणा. ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणून ती सहज मिळते, कमी पाण्यावर तगते आणि बऱ्यापैकी उजेड मिळाला की फुलते. तिचे बोटभर लांबीचेही नसलेले फूल ब्लेडने उभे चिरा आणि केस, फुगवटा, तोरण, परागपुंज हे सगळे भिंगाखाली ओळखा. सुईने परागपुंजांची जोडी बाहेर काढता आली की निम्मा अभ्यास झाला. या कुंडीतले फूल चिरण्यात कुणाचेही नुकसान नाही. डोंगरावरच्या फुलाबद्दल असे म्हणता येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे सेरोपेजिया हिर्सुटा, आपला हनुमान बटाटा. हा केसाळ वेल तुलनेने सर्वत्र आढळतो. वळवाच्या किंवा पहिल्या पावसात कंदातून कोंब निघतो, जुलैअखेर ते सप्टेंबर फुले येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेंगा पिकतात आणि थंडी सरेपर्यंत वरचा भाग नाहीसा होतो. एकाच वेलाला या काळात तीन-चारदा भेट द्या. बहुतेक नवशिके फक्त फुलाच्या दिवसांत जातात आणि फोटो घेऊन परततात. मग पान कोवळे असताना कसे होते आणि शेंग कुठे वाकली होती, हे विचारले की गप्प होतात.

याची ओळख पटली की डोळा आपोआप फरक टिपू लागतो. पहिला प्रश्न नेहमी हा विचारा : झाड वेल आहे की ताठ उभे? सड्यावरच्या गवतात राहणाऱ्या सेरोपेजिया जैनीसारख्या जाती वीतभर उंचीच्या आणि ताठ असतात. हरिश्चंद्रगडाकडची सेरोपेजिया लॉईदेखील ताठ उभी राहते. सेरोपेजिया अ‍ॅटेन्युएटाची पाने इतकी अरुंद की गवतात फूल आल्याशिवाय ती सापडणे कठीण. ह्यूबेरीसारखी एखादी कड्याच्या कपारीतच राहणे पसंत करते. मग एका देठावर फुले किती, पाकळ्या आणि नळी यांत लांब काय, आणि शेवटी तोरणाचे आतले-बाहेरचे भाग कसे, त्यांवर केस आहेत की नाहीत, हे पाहा. जातींचे अंतिम भेद बहुधा या तोरणावर ठरतात. बाहेरून दोन फुले जुळी दिसली तरी तोरण वेगळे असू शकते.

इथेच एक व्यावहारिक अडचण येते. हर्बेरियमच्या कागदावर दाबून वाळवलेले सेरोपेजियाचे फूल चपटे होते, रंग उडतो आणि फुगवट्याचा आकार तर पार जातो. जुन्या संग्रहांतल्या नमुन्यांवरून जाती ओळखताना जे घोळ झाले त्यांचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून परवानगी असलेल्या अभ्यासकाने एखादे फूल मद्यार्कात बुडवून ठेवावे आणि ताज्या फुलाचा रंग जागच्या जागी वहीत लिहावा. बाकीच्यांना मोबाइलचा कॅमेरा पुरे आहे. फक्त फुलाचा एक फोटो बाजूने, एक समोरून, एक पानांसह आणि शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावा. सुंदर धूसर पार्श्वभूमीच्या फोटोंचा अभ्यासात फारसा उपयोग नसतो.

पुस्तके चाळताना नावांचा एक गोंधळ तुम्हाला भेटेल, त्याने बिचकू नका. 2017 साली ब्रॉइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे असा प्रस्ताव मांडला की ब्रॅकिस्टेल्मा ही शेजारची प्रजाती आणि माकडशिंगाच्या नात्यातली सगळी जाड खोडांची झाडे सेरोपेजियातच घालावीत. असे केले तर जातींची संख्या दोनशेवरून सातशेच्या पुढे जाते. इतर अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली आणि वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला, क्षेत्रात काम करणाऱ्याच्या सोयीने, जुनीच चौकट बरी वाटते. पण वंशवृक्षाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. या वादाचा फायदा मात्र झाला : शेजारच्या झाडांकडे पुन्हा लक्ष गेले. पूर्वेकडच्या माळावर मिळणारे चौकोनी खोडाचे माकडशिंग आणि 1860 च्या दशकात डाल्झेलने जुन्नरच्या बाजूने वर्णिलेले, आता शिवसुमन म्हणून ओळखले जाणारे फ्रेरिया इंडिका, ही दोन्ही झाडे सेरोपेजियाच्या अभ्यासकाने जरूर पाहावीत. शिवसुमनाचे फूल पिंजऱ्याचे नाही, सपाट पाच कोनांचे आहे, आणि तरीही आतली परागपुंजांची योजना त्याच धाटणीची. नळी नसताना हे काम कसे चालते, हा विचार करून पाहण्यासारखा आहे.

शेवटी काळजीचा भाग. तो टाळून चालणार नाही, कारण भारताच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीग्रंथांत सेरोपेजियाच्या जाती मोठ्या संख्येने आहेत. कंद खाण्याजोगे असल्यामुळे रानडुक्कर आणि साळिंदर ते उकरतात, गुराखी पोरेही उकरून खात आली आहेत. माझ्या मते हा जुना, मर्यादित खर्च आहे. तेवढ्याने या जाती संपल्या नसत्या. खरा घाव जमीनच नाहीशी होण्याचा आहे. जांभ्याच्या खाणी, बॉक्साइटचे उत्खनन, रुंद होणारे घाटरस्ते, किल्ल्यांवरची वाढती वर्दळ, आणि शेंगा पिकायच्या आतच लावलेले वणवे. ज्या जातीचा सारा संसार एका कड्यावर आहे, तिच्या बाबतीत रस्त्याचे एक वळण सरळ करणे पुरेसे होते.

यात अलीकडे एक भर पडली आहे, ती हौशी लोकांची. समाजमाध्यमावर फोटो पडतो, त्याला ठिकाण जोडलेले असते, आणि पुढच्या रविवारी कुणीतरी कंद उकरून घरच्या कुंडीत लावतो. तो बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात सडतो, कारण झोपी गेलेल्या कंदाला पाणी घातले जाते. वाचकांना विनंती की फोटो जरूर टाकावा, पण ठिकाण तालुक्यापलीकडे सांगू नये. फूल ओळखले नाही तर ओळखले नाही असेच लिहावे. चुकीच्या नावापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडते. धनगरवाड्यावर किंवा गडावर राहणाऱ्या माणसाला ते झाड विचारून पाहावे, त्याचे नाव आणि उपयोग जसाच्या तसा लिहून घ्यावा. आणि पावसाळा संपला की आपल्या नोंदी व छायाचित्रे घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाशी संपर्क साधावा. तिथल्या हर्बेरियममधले नमुने पाहायचे असतील तर आधी विचारून जावे, आणि जाताना वही बरोबर न्यावी.